रिपोर्टखालचं नाव

क्रांती चौकाजवळच्या एका लहानशा लॅबमध्ये मी काउंटरवर बसायचे. पेशंटचं नाव लिहून घ्यायचं आणि रिपोर्ट छापून द्यायचा, एवढंच माझं काम. रक्त तपासायच्या त्या आपा. वीसेक वर्षं त्या तेच करत होत्या. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सरांनी मला सांगितलं, सगळ्यांची वेगवेगळी लॉगिन करून टाक. लॅबचा ईमेल मात्र सगळ्यांत मिळून एकच होता.

कसं जमतंय ते बघावं म्हणून आधी माझं केलं. लगेच झालं. मग आपांचं नाव घालून तोच ईमेल दिला, तर हा ईमेल आधीच वापरात आहे असं आलं. कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली, पण एका ईमेलवर एकच माणूस, याच्यापुढं सरकेना. माझं पुसून आपांचं करता येईल का, तर तेही नाही.

आपांचा स्वतःचा ईमेल नव्हता. घरात फोन एकच, तो त्यांच्या मिस्टरांजवळ, आणि ते कापसाच्या कामाला वैजापूरला गेलेले. माझ्या नंबरावर आणखी ईमेल निघत नव्हता, म्हणून तोच नंबर दिला. नवीन ईमेल काढायला घेतला की कोड तिकडं जायचा. ते मार्केट यार्डातल्या गलक्यात, चष्मा घरी राहिलेला. कुणाकडून तरी वाचून घेऊन सांगेपर्यंत मुदत संपायची. असं तीनदा झालं. मग ईमेलवाल्यांनीच उद्या या म्हणून सांगितलं.

“राहू दे बेटा,” आपा म्हणाल्या. “नाव नसलं तरी रक्त तेच निघणार हाय.”

सरांनी तोडगा काढला, तात्पुरतं सगळे तुझ्यातूनच करा. तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टखाली ‘तपासणी करणार’ म्हणून माझं नाव छापून यायला लागलं. मी बी.ए. झालेली. मायक्रोस्कोपात कधी डोकावलेही नव्हते.

एक दिवस फुलंब्रीची एक बाई पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि माझं नाव घेऊन विचारू लागली. तिच्या मुलीच्या पेशी फार कमी निघाल्या होत्या. आपांना पहिल्या आकड्याची शंका आली म्हणून त्यांनी तपासणी पुन्हा केली होती आणि स्वतःचं जेवण सोडून मला लगेच रिपोर्ट द्यायला लावला होता. त्यामुळं मुलगी वेळेत दवाखान्यात पोचली.

मी म्हटलं, मावशी, ते मी नाही, आतल्या आपांनी केलं. तिनं कागद उलगडून माझ्यासमोर धरला.

“इथं तुमचंच नाव हाय की.”

तिला तो माझा विनय वाटला असावा. माझे दोन्ही हात धरून ती रडायला लागली, मला ते सोडवून घेता येईनात. आपा दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, मुलगी आता कशी आहे ते विचारलं, पुड्यातला एक पेढा उचलला आणि आत गेल्या.

दोन महिन्यांनी भाचीच्या फोनवरून आपांचा ईमेल निघाला, लॉगिनही झालं. मी सगळ्यात आधी कंपनीला फुलंब्रीच्या मुलीचा तो एक रिपोर्ट दुरुस्त करायला सांगितला. छापून गेलेला रिपोर्ट बदलता येत नाही म्हणाले. तो कागद माझ्याच नावावर राहिला.