चौदावं नाव

ही गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. नमाजनंतर दुआसाठी हात उचलते तेव्हासुद्धा या जागी आले की — पुढं सरकते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, कुणाचा व्हिसा कधी संपतो त्याची. बहारीनमध्ये बावीस वर्षं ऑफिस सांभाळलं ते याद्यांवरच. म्हणून तर प्रोफेसर माझ्याकडं आल्या.

टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या, सत्तरीतल्या, इतिहासकार. तरुणपणी परदेशातल्या एका विद्यापीठात काळ्या विद्यार्थ्यांना खोल्या नाकारल्या, तेव्हा त्या भर थंडीत आठवडाभर दारात बसून राहिल्या होत्या. तिथून उठल्या आणि आयुष्यभर वर्णभेदाविरुद्ध बोलत राहिल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. आफ्रिकेतून जहाजांत घालून नेलेल्यांची मुलंबाळं जगात कुठंही असोत, ती एकाच घरची आहेत — आणि घरच्यांची नावं कुणीतरी लिहून ठेवली पाहिजेत. अशा माणसांच्या आठवणी आणि गाणी रेकॉर्ड करायला त्यांनी दोन महिन्यांसाठी बहारीनच्या अदलिया भागात एक खोली घेतली. शुक्रवार-शनिवार मी मदतीला जायची. कुणाला भेटायचं, कुठं, कोणत्या भाषेत, किती वाजता — ती यादी माझी.

आता खालाचं सांगते. टाळत होते, लक्षात आलं असेल.

जुलेखाखाला माझ्या अम्मीची थोरली बहीण. अम्मी लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. आम्ही मूळचे मुरूडकडचे. इथं बहारीनला, गुदैबियात, ती आमच्याच फ्लॅटमध्ये राहायची. तिचे केस बारीक, घट्ट कुरळे, कंगव्याचे दात मोडणारे — आणि कायम ओढणीखाली. घरात कुणी बोलत नसे, पण मोठ्यांना माहीत होतं की तिची आजी सिद्दी होती, आफ्रिकेतून आणलेल्यांपैकी. म्हणजे माझी पणजी. मी वडिलांवर गेले. माझे केस सरळ.

त्या आजीची एक अंगाई खालाला पाठ होती. चार ओळी. एकाही शब्दाचा अर्थ तिला ठाऊक नव्हता. मला तिनं त्याच अंगाईनं झोपवलं, माझ्या मुलीला, सनालाही.

प्रोफेसरांचं काम मी एकदा जेवताना सहज सांगितलं. खालाचा घास हातातच राहिला. "तिला कळेल ते गाणं?" मी म्हटलं, कदाचित कळेल. "मग माझं नाव लिही." मी तिच्यासमोर लिहिलं. चौदावं.

त्याच आठवड्यात सनाला स्थळ आलं. मूळ रत्नागिरीचं, इथंच राहणारं चांगलं घर. मुलाच्या आईनं बिर्याणी वाढून घेता घेता हसत विचारलं, "मुरूडकडचे म्हणता — मग हबशी-बिबशी नाही ना कुणी?" सगळे हसले. सगळ्यांत आधी कोण हसलं? मी. खाला पाण्याचा जग घेऊन दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी मी यादी पुन्हा टाइप केली. तेरा नावं.

मुलीसाठी केलं, असं म्हणता येईल. पण लग्न पंधरा दिवसांत पक्कं झालं, आणि प्रोफेसर त्यानंतर महिनाभर इथंच होत्या. त्या महिन्याचं काय सांगू? कोकणातलं कुणीच कसं नाही, असायला हवं, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी म्हटलं, सगळीकडं विचारलं, कुणी नाही.

आणि घरी दर शनिवारी खाला विचारायची, "आज कितवा नंबर झाला?" नववा. अकरावा. ती बोटांवर मोजत होती. मला त्या आकड्यांची भीती वाटू लागली. तिला थांब का म्हटलं नाही? खरं का सांगितलं नाही? मी फक्त आकडा सांगत राहिले.

बारावा झाला. मग तेरावा.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी घरी आले, तर खाला दरवाजाकडं तोंड करून खुर्चीत बसलेली. नवा ड्रेस. केसांना तेल लावलेलं, आणि डोक्यावर ओढणी नाही. तिला तशी मी कधीच पाहिली नव्हती. माझ्यामागं कुणी आहे का, ते तिनं पाहिलं. मी म्हटलं, प्रोफेसरांना ताप आहे.

तिनं मांडीवरची ओढणी उचलून डोक्यावर घेतली. "यल्ला, चल," म्हणाली, "जेवून घे. भात निवतोय."

प्रोफेसर त्याच आठवड्यात परत गेल्या. सनाच्या मेंदीला बायका मागं लागल्या — खाला, गा ना काहीतरी. "मला काही येत नाही," ती म्हणाली. हे त्यांना नाही सांगितलं. मला.

पुढच्या वर्षी सलमानियाच्या हॉस्पिटलमध्येच ती गेली. शेवटचे तीन दिवस मी शेजारी होते, औषधांची यादी घेऊन. फोन हातात होता. रेकॉर्डिंगचं एक बटण दाबायचं होतं. मी तिला गा म्हटलं नाही.

नंतर प्रोफेसरांचं पुस्तक आलं. त्यात एक ओळ आहे — बहारीनमध्ये कोकणातलं कुणी सापडलं नाही. आणि शेवटी आभारांत माझं नाव.

सनाची मुलगी आता सात महिन्यांची आहे. तिचे केस — तुम्हाला कळलंच असेल. सनाची सासू दर शुक्रवारी तेल लावून ते ओढून ओढून बसवते. "लहानपणी असतात असे, जातील," म्हणते आणि माझ्याकडं बघते. मी मान डोलावते.

परवा दुपारी बाळ झोपेना. मी खांद्यावर घेतलं आणि पहिली ओळ आपोआप ओठांवर आली. दुसरीही आली. तिसरी — नाही. तोंड उघडंच राहिलं. बाळ रडायचं थांबून माझ्याकडं बघत होतं.

सना दारात उभी होती. खालानानीची अंगाई ना ही, तिनं इंग्रजीत विचारलं, भाषा कुठली आहे?

"भाषा कसली," मी म्हटलं. "उगाच काहीतरी म्हणायची ती."