बर्फावरचा नांदेडचा गोलकीपर

माझा भाऊ काल सकाळी गेला. हार्ट अटॅक. लातूरहून मी नांदेडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी इथे फारसं लिहीत नाही. पण काल भेटायला आलेल्या निम्म्या लोकांना दत्तादादा "फौजेत होता" एवढंच माहीत होतं.

दादा फौजेत आइस हॉकी खेळायचा. बर्फावरची हॉकी. गोलकीपर होता.

आमच्या घरात खेळून पगार घेणारा तो पहिला. बहुतेक आमच्या अख्ख्या हिमायतनगर तालुक्यातही.

सुरुवात चुकून झाली. युनिट लेहला गेलं. सुभेदार साहेबांनी विचारलं, हॉकीत गोल कोणी सांभाळलाय? दादाने हात वर केला. तो नांदेडच्या ग्राउंडवर कॉलेजकडून गोलकीपर होता.

त्याला वाटलं, मैदान असेल.

दुसऱ्या दिवशी त्याला गोठलेल्या तळ्यावर नेलं आणि पायात स्केट्स चढवले. पहिला महिनाभर तो लाकडी खुर्ची ढकलत चालायला शिकला. लडाखी जवान हसून बेजार. दादा सांगायचा, "मीच एवढा हसायचो की त्यानंच पडायचो."

स्केटिंग जमलं. अडचण वेगळीच निघाली.

आपल्या मैदानी हॉकीत गोलकीपरने बॉल अंगाखाली दाबला तर फाउल. बॉल पायाने लांब मारायचा, हे दादाच्या हाडात बसलेलं.

बर्फावर उलटं. तिथे बॉलऐवजी पक असतो, रबराची जाड चकती. ती अंगाखाली दाबली की शिट्टी वाजते, खेळ थांबतो, गोल वाचतो.

दादा दाबायचाच नाही. पक आला की लाथ. तो जायचा समोरच्याच्या स्टिकवर, आणि तिथून गोलमध्ये.

त्या हिवाळ्यात टीम अशीच हरली. सुभेदार साहेब म्हणाले, "दत्ता, अगली सर्दी में भी यही किया तो गोल में दूसरा आदमी।"

मे महिन्यात तो सुट्टीवर आला. ताट अर्धं टाकून उठायचा. शेवटी मला म्हणाला, "सुमे, माझी जागा जाणार बघ. डोक्याला कळतं, पायाला कळत न्हाई."

मग आम्ही घरातच सुरू केलं.

पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर पाणी ओतलं. त्याने पायांना उशा सुतळीने बांधल्या. मी बूटपॉलिशची डबी वाळूने भरली आणि आमच्या वडिलांच्या, बापूंच्या, काठीने त्याच्याकडे ढकलू लागले.

तो लाथ मारायचा. मी ओरडायचे, "दादा, अंगाखाली!"

आईचा वेगळाच ताप. "नळाला एक दिवसाआड पाणी, आन् हे दोघं फरशीवर ओतून राहिले!"

बापू बाजेवरून बघायचे. "फौजेत कशाला गेलास रे? घसरगुंडी खेळायला?"

आठवडाभर असंच चाललं. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही, आणि आत माझा भाऊ उशा बांधून ओल्या फरशीवर आपटतोय.

एका दुपारी बापू उठले. मला वाटलं, आता बंद करायला लावतात.

त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली. "तू लई नरम मारून राहिलीस. अशानं काय शिकंल त्यो? सरक."

बापूंनी काठी फिरवली. डबी सणसणत गेली. दादाला विचार करायला वेळच नव्हता. तो आडवा पडला, डबी पोटाखाली.

बापू म्हणाले, "हाव. आता दुसरी."

सुट्टी संपेपर्यंत रोज दुपारी बापूच मारायचे. दादाच्या बरगड्या काळ्यानिळ्या झाल्या. आई हळद लावायची आणि दोघांनाही शिव्या द्यायची.

त्या हिवाळ्यात समोरच्या किराणा दुकानात दादाचा फोन आला. बापू स्वेटर घालून धावत गेले. मी मागे.

"बापू, जागा राहिली."

बापूंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "राहणारच की. थंडी लई हाय का तिकडं?" आणि फोन ठेवून दिला.

परत येताना मात्र गल्लीत भेटेल त्याला सांगत होते.

त्यानंतर कितीतरी हिवाळे दादा त्या गोलमध्ये उभा राहिला. फौजेची मोठी टीम, देशाच्या टीमचा कॅम्प, सगळं पाहिलं. खाली टाकलेल्या फोटोत नुसतं हेल्मेटच दिसतं. पण आत तोच आहे.

रिटायर होऊन नांदेडला आल्यावर तो ग्राउंडवर गोलकीपर तयार करायचा. एकही रुपया न घेता.

गेल्या दिवाळीला मी त्याला विचारलं होतं, खेळ का सोडलास? आम्हाला घरात वाटायचं, वय झालं म्हणून काढलं असेल. कधी विचारायचा धीर झाला नव्हता.

दादा म्हणाला, "काढलं न्हाई गं. साहेब तर अजून दोन वर्षं थांब म्हणत होते."

"मग?"

"पक उशिरा दिसायला लागला होता. थोडासाच. दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं."

"मग साहेबांना कशाला सांगितलंस?"

तो हसला. "मला कळलं होतं ना, सुमे."

एवढंच बोलला आणि चिवडा पुढे केला.

दत्तादादा, तुला घरातल्या सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.