विहाराच्या माईकसमोर धरलेला फोन

बुवापाड्यात द्रौपदीबाईंशी हुज्जत घालायची तर आधी पोटभर जेवून यावं लागायचं. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला आयुष्य काढलेली ही बाई. मुकादमाला ती कधी भ्याली नाही.

दोन हजार आठ साली विहारातल्या बायांनी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं ठरवलं. तिकिटाचे पैसे सगळ्यांनी विश्वासानं द्रौपदीबाईंकडे दिले. स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत कोण ताटकळणार, म्हणून बाईंनी ते बँकेत भरले आणि नवंकोरं कार्ड घेऊन उल्हासनगरचा सायबर कॅफे गाठला. पडद्यावर चक्र फिरत राहिलं. शेवटी सिंधी शेठ म्हणाला, "माई, पैसा कट गया, टिकट नहीं आया. बैंक को फोन करो."

फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात जन्मतारीख विचारली. बाईंनी दाखल्यावरची एक जून सांगितली. जुळेना. खरी तारीख आईलाही ठाऊक नव्हती. एक जून ही मास्तरांची देणगी. खातं लॉक झाल्यावर बाईंना आठवलं, की बँकेच्या माणसाला आपण मोठ्या अभिमानानं चौदा एप्रिल सांगितली होती. बाबासाहेबांचा जन्मदिवस तोच आपला! दुसऱ्या दिवशी तारीख जुळली, तर उत्तर आलं, "तक्रार प्रोसेसमध्ये आहे." फोनवाले म्हणत शाखेत जा, शाखेतला साहेब म्हणे फोन करा. नुसती टोलवाटोलवी!

इकडे दसरा जवळ आला आणि कुजबुज सुरू झाली. शेजारची शीला नळावर बोलली, "पैसे कट झाले म्हणे. कट झाले का खाल्ले?" ते बाईंच्या कानावर आलं. पैसे काय, त्यांनी बांगड्या मोडून भरले असते. गेलेलं नाव कुठून भरून आणायचं?

वर्षावासाचे दिवस होते. विहारात रोज माईकवर ग्रंथवाचन चालायचं. एकीचा घसा बसला की दुसरीनं पुढं वाचायचं, वाचन तुटू द्यायचं नाही, असा शिरस्ता. त्या रविवारी वाचन संपल्यावर द्रौपदीबाई मोबाईल घेऊन उभ्या राहिल्या.

"बँकेचा फुकटचा नंबर आहे. तारीखबिरीख मी सांगते. पुढं एक दमली की दुसरीनं घ्यायचा, पण फोन तुटू द्यायचा नाही. शीला, पहिली पाळी तुझी."

शीलानं फोन कानाला लावला. आधी बाजा वाजला. मग मुलगी म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." पुन्हा बाजा.

"अगं ए, माणूस आहेस का कॅसेट?" शीला कडाडली. आणि बाई इतके दिवस काय सोसत होत्या, ते तिला तिथंच कळलं.

फोन रखमाकडे गेला, रखमाकडून वैष्णवीकडे. प्रत्येकीचं एकच, "साहेबाला बोलव." अखेर फोनवर साहेब आला, पार वैतागलेला.

"मॅडम, पैसे आमच्याकडेच अडकलेत. उद्या खात्यात येतील. आणखी काही मदत करू शकतो का?"

"करू शकतोस की," म्हणत द्रौपदीबाईंनी फोन हिसकून घेतला, स्पीकर चालू केला आणि विहाराच्या माईकसमोर धरला. "चूक कुणाची, तेवढं बोल."

"मॅडम, आम्हाला असं बोलता येत नाही."

"येतं रे, बाळा. आम्हाला घाई नाही. अजून लई बाया पाळीला बसल्यात."

मग भोंग्यातून सगळ्या गल्लीला ऐकू आलं, "चूक आमच्या बँकेची आहे. द्रौपदी मॅडमची नाही."

शीलानं मान खाली घातली. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"परत बोल," त्या म्हणाल्या. "मागच्या बायांना ऐकू आलं नाही."