खिशाचा बदाम

शेजारच्या रखमाबाई गोधडी शिवताना कधी मोजत नाहीत. मला गोधडीच्या मधोमध पत्त्यातल्यासारखा मोठा बदाम हवा होता, म्हणून मी कागदावर आकार काढून घेतला होता. त्यांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "तुकडा संपल तिथं वळायचं, ताई."

मग उन्हात बसून मी वळत गेले. लेकीच्या परकराचा काठ, माझ्या जुन्या साडीचा पदर, उशीचा अभ्रा. कुठली दुपार कुठल्या दुपारीला जोडली जातेय, कळेनासं झालं. आपणही आयुष्यात असेच वळलो असू, जवळचं काही संपलं तिथं.

ह्यांच्या शर्टापाशी मात्र कात्री थांबली. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खिसा कापवेना. तो अख्खाच बदामात बसवला. त्यामुळे बदाम डावीकडे फुगला आणि मला कायम वाकडाच वाटत राहिला.

आज दुपारी नात त्या गोधडीत झोपली होती. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. पांघरूण सारखं करायला गेले, तर तिचा एक हात तेवढा बाहेर होता, आणि तो मनगटापर्यंत त्या खिशात होता.