घुम्या बोलायला लागला

आमच्या दादाला सगळे घुम्या म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो हूं की चूं करत नाही, म्हणून तर ते नाव त्याला चिकटलं. पुस्तकं बांधायचा त्याचा धंदा. रस्त्याकडे उघडणारी एक खोली, भिंतीला टेकून पुठ्ठे, मधोमध उंच टेबल आणि कोपऱ्यात लोखंडी शिकंजा, ज्यात शिवलेली पुस्तकं दाबून ठेवतात. गिऱ्हाईक फाटकं पुस्तक टेबलावर ठेवतं. दादा ते उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "शुक्रवारी." झालं संभाषण. वहिनी होती तोवर दोघांच्या वाटचं तीच बोलायची. ती गेल्यावर त्या घरात आवाज उरला तो नळाचा.

मी त्याची धाकटी बहीण, शेजारच्याच दारात राहते. माझा जन्म गेला कापडाच्या दुकानात, गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडण्यात. बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात म्हणतात. मी तर रंग उडालेल्या चादरी विकल्या आहेत. दादानं न वापरलेले शब्द सगळे हिच्या वाट्याला आले, असं आमची आई म्हणायची.

अशा माणसाला लेकीच्या पोटी नात झाली, आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. भिंगरी हे नाव मीच ठेवलं, कारण पोरगी एका जागी ठरायची नाही. पुढे तिचं ऑपरेशन झालं. डोक्याच्या आत एक भाग बसवला. बाहेर कानामागे अडकवायचं मशीन, आणि त्याच्या वायरीला एक गोल चकती, जी लोहचुंबकानं केसांवरून डोक्याला चिकटते. चकती चिकटलेली असली तरच आवाज आत जातो. काढली की पोरीला ढोल वाजवला तरी पत्ता नाही.

मला वाटलं होतं, मशीन सुरू झालं की पोरगी हसेल, आपण सगळे डोळे पुसू, आणि पुढच्या महिन्यात ती मला आत्याआजी म्हणेल. म्हणून मशीन सुरू करून तिला घरी आणलं तशी मी हातात ताट आणि पळी घेऊन दारातच उभी राहिले. भिंगरीनं असा टाहो फोडला की शेजारी जमले. चकती उपटली आणि भिरकावून दिली. चूक कुणाची ते सांगायला नको.

त्यानंतर चकती कुठे कुठे सापडली म्हणून विचारू नका. बुटात, फरशी पुसायच्या बादलीत, एकदा तर दादाच्या पुठ्ठे चिकटवायच्या खळीच्या भांड्यात. तिनं आमच्या नाकी नऊ आणले.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे आम्ही सगळे गेलो. दादाची लेक, जावई, दादा आणि न बोलावता मी. बाईंनी विचारलं, "दिवसभर हिच्याजवळ कोण असतं?" लेक आणि जावई दोघंही नोकरीला. दादानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"मग आजोबा, बोलायचं तुम्ही," बाई म्हणाल्या. "जे कराल ते बोलून करायचं."

"बाई, त्यापेक्षा भिंतीला सांगा," मी म्हटलं, "ती लवकर बोलेल."

बाई हसल्या नाहीत. समोर नको, शेजारी बसा, नाहीतर ती ओठ बघून भागवेल, म्हणाल्या. आधी बोला, मग वस्तू दाखवा. आणि बोलून झालं की थांबा, तिला वेळ द्या. मग त्या लेकीकडे वळल्या. "जागी असेपर्यंत मशीन डोक्यावर राहिलंच पाहिजे. आवाज गेला तरच तिचा मेंदू ऐकायला शिकेल. ही लहानपणाची वर्षं निघून गेली तर पुढे फार जड जातं." लेकीनं मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला होता.

पहिल्या दिवशी दादानं पोरीला टेबलाशी बसवलं, पुठ्ठा उचलला आणि म्हणाला, "पुठ्ठा." मग मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प. मी कपाळाला हात लावला.

दोन-चार दिवसांनी सकाळी भांडी घासत होते, तर त्याच्या खोलीतून पुरुषाचा आवाज येत होता. बोलकं गिऱ्हाईक आलं असेल म्हणून डोकावले. आत गिऱ्हाईक नव्हतंच. दादा होता, आणि शेजारी उंच स्टुलावर भिंगरी.

"आता मी कागद फाडणार," दादा म्हणाला. मग थांबला. नुसता गप्प बसला नाही, थांबला. भुवया जरा वर, मान तिच्याकडे कललेली. बऱ्याच वेळानं त्यानं कागद फाडला. चर्रर्र. भिंगरीचे डोळे मोठे झाले. "फाटला," दादा म्हणाला, आणि पुन्हा थांबला.

हा माणूस वहिनी गेली तेव्हाही बोलला नव्हता. लोक भेटायला येत, हा फक्त मान हलवायचा. तो आज फाटक्या कागदाची बातमी देत होता, आणि आवाज किती मऊ होता त्याचा. सख्ख्या भावाचा आवाज इतका चांगला आहे हे मला या वयात कळलं. ओल्या हातांनी मी कितीतरी वेळ दारात उभी राहिले.

मग ते सुरूच झालं. खळ ढवळतोय. दोरा ओवतोय. पान दुमडतोय. सवय इतकी लागली की एका गिऱ्हाइकालाही म्हणाला, "आता मी तुमचं पुस्तक उघडतो," आणि भुवया वर करून त्याच्याकडे बघत राहिला. तो बिचारा घाबरून "उघडा" म्हणाला.

मी कशी मागे राहीन? एके दिवशी भिंगरीला माझ्याकडे घेऊन आले. हे काय? चमचा. चमचा कुणाचा? भिंगरीचा. भिंगरी शहाणी की नाही? शहाणी. प्रश्न माझे, उत्तरं माझी, शाबासकीही मीच देत होते. तिनं माझ्याकडे शांतपणे बघितलं, चकती काढली आणि माझ्या हातात दिली. असा अपमान माझा कुठल्या गिऱ्हाइकानं केला नव्हता.

दादाच्या खोलीत मात्र चकती टिकू लागली. आधी थोडा वेळ, मग सकाळभर. आणि आता जमलं म्हणेपर्यंत पोरीला ताप आला. आठवडाभर मशीन लावताच आलं नाही, आणि बरी झाल्यावर ती ते जवळ येऊ देईना. चकती दिसली की किंचाळायची. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

त्या संध्याकाळी लेक दादाच्या टेबलाशी बसून रडली. "बाबा, तिला नकोच असेल तर? एवढ्याशा जिवाचं डोकं उगाच कापायला लावलं का मी?"

दादानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "उद्या सोड तिला इथं."

पुन्हा पहिल्यापासून. चकती लावायची, एक कागद फाडायचा, ती काढेल तेव्हा काढू द्यायची, थोड्या वेळानं पुन्हा लावायची. रागावणं नाही, चुचकारणं नाही. मी असते तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं. मला देवळातही वाटलं नसेल इतकं नवल मला त्या खोलीत वाटायचं. हळूहळू चकती पुन्हा टिकू लागली. तिला सगळ्यांत आवडायची हातोडी. पुस्तकाची पाठ गोल करायला दादा ती हलक्या हातानं मारतो. "आता हातोडी," तो म्हणायचा, आणि पोरगी श्वास धरून, जिवाचा कान करून बसायची. ठक. की अंगभर शहारायची.

परवा दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा हातोडीचंच काम चाललं होतं. "आता हातोडी," दादा म्हणाला. थांबला. ठक. भिंगरी हललीच नाही. पुन्हा ठक. तिनं हातोडीकडे बघितलं, मग दादाच्या तोंडाकडे.

"कंटाळली ती, राहू दे," मी म्हटलं.

तिनं डोक्याला हात लावला आणि मशीन उपटून काढलं. आता भिरकावणार, आता पुन्हा तेच सगळं. दादानंही हातोडी खाली ठेवली.

तिनं भिरकावलं नाही. ती स्टुलावरून घसरत खाली उतरली, मशीन दादाच्या तळव्यावर ठेवलं, त्याची बोटं आपल्या दोन्ही हातांनी त्याच्यावर मिटवली, आणि हातोडीकडे बोट दाखवलं. मशीनचा दिवा बंद होता. सेल संपला होता.

सुईत एका फटक्यात दोरा ओवणारे दादाचे हात, पण त्यांनी सेल दोनदा उलटा बसवला, तेव्हा मला पुढं व्हावंसं वाटलं. झाले नाही. दिवा लागला. चकती पुढं नेली तर पोरीनं स्वतःच मान वाकवून डोकं पुढं केलं. दादानं हातोडी उचलली, तोंड उघडलं, आणि त्याला आवाजच फुटेना. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. शेवटी कसाबसा म्हणाला, "आता हातोडी." ठक. भिंगरी खळखळून हसली आणि त्याचा हात ओढायला लागली. अजून हवं होतं तिला.

संध्याकाळी लेक दारात आली. रोजच्यासारखं भीत भीत विचारलं, "आज राहिलं का मशीन?"

माझ्या जिभेवर आलं होतं, पण मी ओठ मिटले. हे सांगायचा हक्क त्याचा होता.

"बंद पडलं होतं," दादा म्हणाला. "तर काढून माझ्या हातात आणून दिलं तिनं. तू उगाच काही केलं नाहीस, पोरी. तिनं आवाज मागितला."

लेक चपला न काढता तिथंच उंबऱ्यात बसली. "बाबा," ती म्हणाली, "परत सांगा."

दादानं परत सांगितलं, पहिल्यापासून.