आठ वाजताचा मासळीबाजार

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं आणि परदेशी इंजिनियर बायकामुलांसह राहायला आले, तेव्हाची गोष्ट. मी एका ठेकेदाराच्या कचेरीत कारकून होतो. या पाहुण्यांसाठी वेळांचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. टपालकचेरी कधी उघडते, दुकानं दुपारी किती वेळ बंद असतात, बोईसरला गाडी कधी मिळते. सगळं जमलं, मासळीबाजारापाशी अडलं.

मग जमनाला विचारलं. मांगेलआळीतली, म्हणजे तिथल्या कोळीवाड्यातली, दणदणीत आवाजाची बाई. नवरा कमलाकांत होडीवर, ही किनाऱ्यावर मासळी विकणारी.

"भरतीवर होडी लागंल तवा बाजार," ती म्हणाली. "अमुश्येला दुपारी, अष्टमीला सकाली लवकर."

आमच्या साहेबांना रिकामा रकाना खपत नसे. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : रविवार, सकाळी आठ. समुद्रालाही हजेरीपटावर सही करायला लावतील असे आमचे साहेब!

रविवारी आठला एक मडम मोठी टोपी घालून, टोपली घेऊन वाळूवर हजर. होडीचा पत्ता नाही. जमना जाळं झटकत होती. किनाऱ्यावर आलेल्याला रित्या हाताने परत पाठवायचं नाही, मूठभर तरी मासळी द्यायचीच, ही त्यांची रीत. ताजी नव्हती, म्हणून जमनाने घरातून सुके बोंबील आणून टोपलीत घातले. पैसे घेतले नाहीत. मडम तोंडभर हसली आणि पुढच्या रविवारी पुन्हा आठला हजर!

असं महिनोन्महिने चाललं; जमना आता बोंबलांचं पुडकं बांधूनच आठला उभी असायची. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की मांगेलआळी सुक्या मासळीवर जगते, आणि जमनाच्या माळ्यावरची साठवण तर उतरत चाललेली. कमलाकांत कावला.

"पावसात पोरांना काय मडमच्या टोपीचं कालवण घालशील?"

"आयलेल्या बाईला नाय कशी म्हनू?" जमना म्हणाली. मग हळूच मला, "पन नामदेव भाऊ, ती करते काय रे एवढ्याचं?"

मलाही तेच कोडं. तिच्या बंगल्यापुढून जाताना मी मुद्दाम नाक वर करायचो. बोंबील भाजल्याचा वास कधी आला नाही.

मे सरता सरता मडम मायदेशी निघाली. जाताना माझ्याबरोबर बिस्किटांचे मोठाले डबे दिले, जमनासाठी. जमनाने ओट्यावर झाकण उघडलं. आत तिचेच बोंबील, कागदात नीट गुंडाळलेले. एकालाही दात लागला नव्हता.

जमनाचं तोंड उतरलं. "आवडत नवते, तर येयाची कशाला?"

मडमने सांगितलं होतं ते मी सांगितलं. "म्हणाल्या, वास सोसत नाही. पण ती बाई दर रविवारी आठला माझ्यासाठी पुडकं घेऊन उभी असते, न जाऊन कसं चालेल?"

"अरे, ती येयाची म्हनून मी उभी राहायची!" जमना हसायला लागली आणि हसता हसता रडली. कमलाकांतने डबे माळ्यावर चढवले. पावसाळ्याची सोय झाली.

पुढच्या रविवारी सकाळी मी सहज किनाऱ्यावर गेलो. होड्या वर ओढलेल्या, समुद्र खवळलेला, चिटपाखरू नाही. जमना मात्र होती, पदराखाली पुडकं धरून.

"आता कोणाची वाट बघताय?"

"कोनाची नाय," ती म्हणाली आणि पुडकं माझ्या हातात ठेवलं. "आठ वाजले ना? बाजार उगडा हाय."