घमेल्याबाहेरची तक्रार

तक्रार करणाऱ्यावर न रागावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझे साडू. रायपूर स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे त्यांची सारी नोकरी गेली. गाडी उशिरा आली की लोक त्यांच्या अंगावर असे धावत, जणू साडूंनीच ती वाटेत कुठेतरी बांधून ठेवली आहे. हे शांतपणे चिमूटभर तपकीर ओढत आणि म्हणत, "बोला, मी ऐकून राहिलो." माणूस बोलून बोलून थकला की त्याला प्यायला पाणी देत. त्यामुळे गाडी काही लवकर येत नसे, पण भांडायला आलेला जाताना नमस्कार करून जाई. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, सवय सुटली नाही. दार कुरकुरलं तरी तेल घालायच्या आधी ते दाराला विचारत, "काहून बा, काय झालं?"

तपकिरीनं त्यांचं नाक कधीच कामातून गेलं होतं. दूध उतू जाऊन करपलं तरी ते शेजारी बसून निवांत पेपर वाचत. गळा मात्र शाबूत होता. रोज सकाळी आंघोळ झाली की ते एक अभंग म्हणत. एकच, आणि त्याची दुसरी ओळ त्यांना कधीही आठवली नाही. पहिली ओळ संपली की ते थांबत, आणि पोळ्या लाटता लाटता माझी मेहुणी स्वयंपाकघरातून दुसरी ओळ सांगे. मग गाडी पुढे निघे. मेहुणी गेल्यावरही त्यांनी गाणं सोडलं नाही. पहिली ओळ म्हणायची, थांबायचं, जरा वाट पाहायची, पुन्हा पहिली ओळ. शेजारचा एक मुलगा एकदा कुंपणावरून म्हणाला, "अंकल, कभी आगे का भी सुना दीजिए." साडू त्यालाही रागावले नाहीत. म्हणाले, "आगे का सिग्नल नहीं मिला, बेटा."

मेहुणीनं मागे ठेवलेली दुसरी गोष्ट म्हणजे तिची मांजर. राइस मिलच्या गोदामात जन्मलेली, राखाडी, जरा आढ्यतेखोर. साडू तिला 'मॅडम' म्हणत आणि तिच्याशी 'आप' लावून हिंदीत बोलत. मी हसलो तर म्हणाले, "ती इथली मिलमधली. तिले मराठी कसं समजन?" बाथरूमच्या कोपऱ्यात एक काळं प्लास्टिकचं घमेलं, त्यात धानाचा भुसा, हे मॅडमचं प्रसाधनगृह. साडू ते स्वतः नुसत्या पाण्यानं धूत, आणि मॅडमनं कधी एक थेंब बाहेर सांडला नव्हता.

मग साडू आणि त्यांचा मुलगा एका लग्नासाठी नागपूरला गेले आणि मांजर व किल्ली माझ्या हवाली केली. आता आमच्या घरचा धर्म असा, की फिनाइल फिरल्याशिवाय कुठलीही वस्तू स्वच्छ झाली असं आम्ही मानतच नाही. पाहुणे गेले, फिनाइल. सुतक फिटलं, फिनाइल. मी ते घमेलं फिनाइलनं घासून लख्ख केलं, भुसा भरला आणि परोपकाराच्या समाधानात घरी आलो. मंडळी परतली त्याच दिवशी मॅडमनं सोफ्यावर लघवी केली. पुढे पायपुसण्यावर, मग साडूंच्या मुलाच्या बुटात. घरात वास येतो असं नातेवाईक बोलू लागले. साडूंना तो येत नसे, मला येई. म्हणून मी गुपचूप मदत करायची ठरवली. जेव्हा जेव्हा भेटायला जाई, तेव्हा हात धुवायच्या निमित्तानं बाथरूममध्ये शिरून घमेल्यात थोडं फिनाइल शिंपडून येई. मांजर जितकी बाहेर, तितकं माझं फिनाइल जास्त.

साडूंनी मात्र चौकशी सुरू केली होती. "हा तक्रार अर्ज आहे," ते म्हणाले. "तिले लिहिता येत नाही, म्हणून असा देऊन राहिली." अर्ज कशाविरुद्ध हे कळावं म्हणून त्यांनी घमेलं खिडकीखाली नेलं, दाराआड नेलं. मांजर जेवते तिथे घाण करत नाही असं ऐकल्यावर सोफ्यावर दुधाची वाटी ठेवली. मग मॅडमनं खुर्ची निवडली, तिथेही वाटी. शेवटी घरभर वाट्या झाल्या आणि माणसांना बसायला जागा उरली नाही. एकदा ते स्वतः घमेल्याशेजारी जमिनीवर पालथे पडलेले सापडले. "इथून तिले कसं दिसते ते पाहून राहिलो," म्हणाले.

मुलगा साडूंना घेऊन नवा रायपूर नावाच्या नव्या वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये राहायला निघाला होता. तो म्हणाला, "बाबा, नए घर में ये नहीं चलेगा. सुधरी तो ठीक, नहीं तो वापस मिल में." साडू हळूच म्हणाले, "तुझ्या आईची आहे रे ती." पण त्यानं बेत बदलला नाही.

साडू आणि मी मॅडमना घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. तपासण्या झाल्या, दुखणं काही निघालं नाही. डॉक्टरनं विचारलं, "भुशाच्या भांड्याला फिनाइल लावता का? प्लास्टिकमधून तो वास जात नाही. मांजर तिथे पाय ठेवणार नाही, शिवाय तिच्यासाठी ते विषच."

"फरशीले लागते. घमेल्याले कधीच नाही," साडू छातीवर हात ठेवून म्हणाले. "मी सोता धुतो."

मी शेजारीच बसलो होतो. हा माणूस रागावणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच बोलणं आणखी कठीण झालं.

दुसऱ्या दिवशी मी नवं घमेलं नेऊन दिलं. "जुनं तडकलं होतं," म्हणालो. चारच दिवसांत मॅडम भुशात जाऊ लागली आणि पुढे तिनं कधी चूक केली नाही. साडूंनी आनंदानं पेढे वाटले. मला म्हणाले, "कारण सापडलं, भाऊसाहेब. तक्रार माह्या गाण्यावर होती. डॉक्टरकडून आलो आणि गाणंच बंद केलं. पाहा, अर्ज मागे घेतला तिनं."

पेढा माझ्या तोंडात होता. तो मी गिळला.

साडूंबरोबर मॅडमही नव्या फ्लॅटमध्ये गेली. दोन वर्षं झाली, साडूंनी सकाळी गाण्यासाठी तोंड उघडलं नाही. गेल्या रविवारी मी तिथे गेलो आणि सगळं सांगून टाकलं, घमेलं, फिनाइल, डॉक्टरसमोरचं माझं गप्प बसणं. त्यांनी तपकिरीची डबी बंद केली.

"म्हणजे तक्रार तुमच्यावर होती?"

"हो."

ते उठले आणि मला प्यायला पाणी आणून दिलं. मग मांजरीकडे वळून म्हणाले, "मॅडम, माफ कीजिए. हमने अर्जी गलत पढ़ ली."

बराच वेळ खाकरून त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज गंजला होता, पण सूर जागेवर होता. ओळ संपली आणि ते सवयीनं थांबले. इतकी वर्षं त्यांच्या जुन्या घरी बसून मी तो अभंग ऐकला, पण दुसरी ओळ मला येत नाही. ते, मी आणि मांजर, आम्ही तिघंही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहत राहिलो.